गुरुवारी न लागलेला मार

माझ्या दोन्ही गुडघ्यांची शपथ, एक देवानं दिलेला आणि एक हॉस्पिटलानं, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्यानं कॅरीगलला यावं, पेलिकन रग्बी क्लबच्या मैदानाशी माझी मटण भरलेल्या भाजक्या पाईची खिडकी आहे तिथं उभं राहावं आणि मला तोंडावर खोटं म्हणावं. चाळीस वर्षांत कुणाची टाप झाली नाही. एकदा एक पंच म्हणाला होता. त्याला मी थंड पाई दिली, तो अजून चावतोय.

तर शुक्रवार होता. सकाळचे अकरा. क्लबच्या धुण्याच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि फेलेती आत आला.

"आंटी, मला गुरुवारी डोक्याला मार लागला होता का?"

मर्ल कॅटनाखनं मोज्यांचा ढीग खाली ठेवला. एकतीस वर्षं ती बाई पेलिकनचं धुणं धूत होती. नुसता मोजा हुंगून ती सांगायची की हा माणूस आज बायकोशी भांडून आलाय. तिचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

"हे तू मला का विचारतोस? डोकं तुझं आहे."

"तेच तर. मी म्हणतो नाही लागला. डॉक्टर म्हणते, मार लागलेला प्रत्येक जण असंच म्हणतो."

फेलेती मोआला. बावीस वर्षांचा, टोंगा बेटांवरून आलेल्या घरातला, हाफबॅक. म्हणजे चेंडू कुणाकडे जाणार हे ठरवणारा माणूस. पहाटे चारपासून मांसाच्या कारखान्यात बकऱ्यांची धडं आकड्यांवर टांगायचा, दुपारी सरावाला यायचा. तो पेलिकनच्या राखीव संघातला. म्हणजे पहिल्या संघात जागा मिळेपर्यंत पोरांनी जिथं घासायचं, तो संघ. हंगामात चार वेळा पहिल्या संघात कुणी जखमी झालं, म्हणून त्याला वर बोलावलं होतं. चारही वेळा चांगला खेळला.

रविवारी पाचवा सामना होता. हंगामातला शेवटचा.

आता हे पाच नीट लक्षात ठेवा. करारात कलमच तसं होतं. पाच सामने झाले की पोरगा आपोआप पक्का होतो, दोन वर्षांचा पगार, कारखान्याला रामराम, दिवसभर फक्त खेळ. चार झाले तर काहीच नाही. करार त्याच रविवारी संपत होता.

"कुणी सांगितलं तुला मार लागला म्हणून?" मर्लनं विचारलं.

त्यानं खिशातून कागद काढला. डॉक्टरच्या खोलीबाहेर एक पेटी असते. कुणाला डोकं आपटताना दिसलं तर चिठ्ठी लिहून टाकायची, नाव नाही घालायचं. सगळे क्लब जिच्यात खेळतात त्या लीगचा नियम. नाव घातलं तर खेळाडू लिहिणाऱ्याला फाडून खातील. आणि चिठ्ठी पडली की माणूस अकरा दिवस घरी. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला नक्कल मिळते, तेवढाच त्याचा हक्क.

मर्लनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

"गुरुवार, संध्याकाळी साडेपाच, टॅकलचा, पाडापाडीचा सराव. नारिंगी जाकिटातला मोआला डावा खांदा घालून गेला, दमला होता म्हणून डोकं चुकीच्या बाजूला राहिलं, समोरच्याच्या कमरेवर आपटलं. उठताना दोनदा तोल गेला. नजर हरवलेली."

तिनं कागद पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा.

"बस," ती म्हणाली. "चहा पी. आणि कुणाच्या अंगावर जाऊ नकोस. आत्ता तू रागावलास तरी म्हणतील, बघा, डोक्याला लागलंय."

*

सगळ्यात आधी ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टर विजेसिंघे, बारीक अंगाची, स्वच्छ बोलणारी बाई.

"तपासलंत त्याला?"

"तपासलं. काही सापडलं नाही."

"मग सोडा की."

"सापडलं नाही म्हणजे लागलं नाही असं होत नाही, मर्ल. गेल्या वर्षी दुसऱ्या क्लबात एकाला सोडलं. आज त्याला स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नाही."

"सरावाला तीसेक माणसं होती. कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. पण तीस माणसं एकमेकांना पाडत असताना कोण कुणाला पाहतं? चिठ्ठी आली की माझे हात बांधले."

"चिठ्ठी कधी आली?"

"आज सकाळी पेटी उघडली तेव्हा होती. काल दुपारी तीनला रिकामी होती."

मग ती गेली ट्रॉय बॅसेटकडे. हा पहिल्या संघाचा जुना हाफबॅक. तेहतीस वर्षांचा, गुडघे माझ्यापेक्षा वाईट. फेलेती बाहेर बसला की रविवारी खेळणार हाच. गावात सगळ्यांची बोटं त्याच्याकडेच वळली होती.

तो मालिश करून घेत पालथा पडला होता.

"आलीस का म्हातारे? ये. तूही विचार. सकाळपासून सगळे विचारतायत."

"लिहिलीस का तू?"

"मला लिहिता येत असतं तर मी डोकं आपटून पोट भरलं असतं का?"

"गुरुवारी साडेपाचला कुठं होतास?"

"मैदानावर. तुझ्या त्या हिरव्या चिंध्या घालून!" तो खदखदून हसला. "आई शप्पथ, मर्ल, काय वास होता त्यांना! आम्ही सगळे बेडकासारखे डराव डराव करत होतो. कोचनं शिट्टी वाजवायच्या ऐवजी डराव केलं."

ते खरं होतं. क्लबाची सरावाची बिनबाह्यांची जाकिटं नारिंगी. वर्षानुवर्षं नारिंगीच. पण गुरुवारी दुपारी मर्लचं कपडे वाळवायचं मशीन बसलं आणि सगळी जाकिटं ओली राहिली. तिनं माळ्यावरच्या ट्रंकेतून वीस वर्षांपूर्वीची हिरवी जाकिटं काढली, कसर लागलेली. मैदानात पाऊल टाकेल त्याच्या हातात एकेक स्वतः दिली. चौतीस जाकिटं, चौतीस माणसं. डॉक्टरलासुद्धा घातलं. तिच्या तर गुडघ्यापर्यंत आलं.

"ट्रॉय," मर्ल म्हणाली, "रविवारी तू खेळावंस असं तुला वाटतं?"

त्याचं हसू गेलं.

"खरं सांगू? नाही. माझं संपलंय. त्या पोराला खेळू दे म्हणून मीच मंगळवारी पहिल्या संघाच्या कोचला सांगितलं. विचार त्याला."

तिनं विचारलं. खरं होतं.

*

वरच्या मजल्यावर नोएल पिकरिंग बसायचा. खेळाडूंचे करार हा बघायचा. त्याच्या खोलीची खिडकी मैदानाकडं नाही, रस्त्याकडं. मोटारी बऱ्या दिसतात म्हणून त्यानंच ती खोली मागून घेतली होती.

"वाळवायचं मशीन नवीन मिळणार नाही," ती दारात दिसताच तो म्हणाला.

"मशीनसाठी नाही आले. फेलेतीसाठी आले."

"कोण?"

"मोआला."

"हां. सत्ताविसावी ओळ." त्याच्यापुढं खेळाडूंची यादी होती, माणसं त्याला ओळीच्या आकड्यानं पाठ होती. "वाईट झालं हो. डोकं म्हणजे गंमत नाही."

"तो पाचवा खेळला असता तर?"

नोएलनं चष्मा काढून पुसला.

"मर्लबाई, लीगनं छत घालून दिलंय. पहिल्या संघाच्या सगळ्या पगारांची बेरीज त्याच्या वर जायची नाही. आम्ही त्या छताला डोकं टेकून उभे आहोत. गेल्या वर्षी दोन मोठे खेळाडू विकत आणले ना, त्यांनीच सगळी जागा खाल्ली. आता एक जरी पोरगा पक्का झाला तरी छत फुटतं. मग दंड."

"म्हणजे तो बसला तर तुमची सोय."

"सोय झाली हे नाकारत नाही. पण मी चिठ्ठी नाही लिहिली."

"गुरुवारी साडेपाचला कुठं होता?"

"इथंच. राखीव संघाच्या लेसबरोबर. साडेचार ते सात."

"एक सांगा. फेलेती टॅकलला कुठला खांदा घालतो?"

"खांदा?" त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं बकरीचा वाढदिवस विचारला. "दोन्ही असतील ना त्याला?"

मर्ल उठली. जिना उतरताना तिनं कठडा घट्ट धरला होता. तिला आता कळलं होतं, आणि कळलेलं तिला नको होतं.

*

लेस हार्बिन राखीव संघाचा कोच. पूर्वी पोलादाच्या भट्टीवर कामाला होता. भट्टी बंद पडली आणि गावाकडं पोरांसाठी एवढं मैदान उरलं. फेलेती बारा वर्षांचा असताना लेसनं त्याला रस्त्यात चप्पल फेकताना पाहिलं. चप्पल तीन पोरांच्या मधून वळून बरोबर चौथ्याच्या हातात पडली म्हणे. लेसनं तिथंच गाडी थांबवली. तेव्हापासून त्याला सरावाला नेणं, परत आणणं, बापाशी भांडून कारखान्याची पाळी बदलून घेणं, सगळं लेसनं केलं.

शनिवारी सकाळी तो मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होता. मर्ल त्याच्याबरोबर चालत राहिली.

"पोरगं कसं आहे?" त्यानं विचारलं.

"कसं असणार? भिंतीकडं बघत बसलंय. गुरुवारी तू कुठं होतास रे, लेस?"

"वर. नोएलकडं. राखीव संघाचं बोलणं चाललं होतं."

"मैदानावर आलाच नाहीस?"

लेस थांबला. रेघ तिथं जाड झाली.

"आलो होतो की. मधे पाच मिनिटं. पाय मोकळे करायला."

"साडेपाचला?"

"असेल."

"कशी दिसत होती पोरं?"

"नेहमीसारखी," लेस म्हणाला. "कशी दिसणार?"

मर्लनं मान हलवली. "खरंय," ती म्हणाली. "दुपारी दोनला खोलीवर ये. तुझे कपडे न्यायचेत."

*

दोन वाजता धुण्याच्या खोलीत पाच माणसं होती. लेसला कपड्यांसाठी बोलावलं होतं. डॉक्टरला चहासाठी. फेलेती आधीपासून कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसला होता. आणि नोएलला तिनं निरोप पाठवला होता की नवीन मशीन मागवलंय, बिल क्लबाच्या नावावर. तो धापा टाकत आला.

मर्लनं दार लावलं.

"मशीन मागवलेलं नाही. बसा. चिठ्ठी कुणी लिहिली ते सांगते."

धुण्याचं मशीन तेवढं घरघरत होतं.

"चिठ्ठीत लिहिलंय, 'नारिंगी जाकिटातला मोआला.' गुरुवारी मैदानावर एकही नारिंगी जाकीट नव्हतं. सगळी इथं, या दोरीवर, ओली. पोरं हिरव्यात होती आणि बेडकासारखी ओरडत होती. जो तिथं होता तो हे मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणजे लिहिणाऱ्यानं मार पाहिला नाही. तो मैदानावर नव्हताच. घरबसल्या गुरुवार रचला त्यानं."

डॉक्टरनं कप खाली ठेवला. ती स्वतः हिरव्यात होती, आणि 'नारिंगी' हा शब्द सवयीनं वाचून पुढं गेली होती.

"क्लबातली दोनच माणसं त्या दिवशी मैदानावर फिरकली नाहीत. दोघं वरच्या खोलीत, रस्त्याकडं तोंड करून. नोएल आणि लेस."

"मी स्पष्ट सांगितलं—" नोएल सुरू झाला.

"थांबा. तुमचं नाव नाही घेत मी. चिठ्ठीत अजून एक आहे. डावा खांदा. दमला की डोकं चुकीच्या बाजूला. मी त्याच्या जर्सी धुते, मला माहितीये, डावी शिवण आधी उसवते. पण दमल्यावर डोकं कुठं जातं, हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं. काल ट्रॉयला विचारलं, त्यालाही नाही. पहिल्या संघाच्या कोचलाही नाही. हे कळायला पोराला दहा वर्षं बघावं लागतं. नोएलला त्याचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, कोण?"

तिनं लेसकडं पाहिलं नाही. हातातलं जाकीट घडी करत राहिली.

"आणि आज सकाळी मी विचारलं, गुरुवारी पोरं कशी दिसत होती. तो म्हणाला, नेहमीसारखी."

बादली सरकल्याचा आवाज झाला. फेलेती उभा राहिला होता.

"कोच?"

लेस भिंतीला टेकला. सहा फुटांचा माणूस, पण मला विचाराल तर तेव्हा तो दोरीवरच्या ओल्या सदऱ्याएवढा उरला होता.

"मी लिहिली," तो म्हणाला.

"का?"

"नोएलनं चहा दिला. बिस्किटं दिली. म्हणाला, पोरगा पाचवा खेळला तर छत फुटतं. छत फुटलं की दंड. दंड भरला की राखीव संघ चालवायला काही उरत नाही. बस, विमा, डॉक्टर, पट्ट्या, सगळं बंद. मी म्हटलं, मग करायचं काय? तर म्हणाला, मी काय सांगणार, मला खेळातलं कळत नाही." लेसनं तोंडावरून हात फिरवला. "सव्वीस पोरं आहेत, फेलेती. तुझ्या मागं सव्वीस. तुझा धाकटा चुलतभाऊ आहे त्यात. राखीव संघ गेला तर ती कुठं खेळणार? कुणाला दिसणार? मला वाटलं, एक बसला तर बाकीचे वाचतील. तू हुशार आहेस, तुझं कुठंही होईल."

"मला विचारलं का नाहीत?"

लेस हातावरचा चुना पँटला पुसत राहिला.

"विचारलं असतं," फेलेती म्हणाला, "तर मी स्वतः बसलो असतो. पाय मुरगळला म्हणून सांगितलं असतं. तुम्ही नुसतं विचारायचं होतं, कोच."

पोरानं त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मर्ल मला नंतर म्हणाली.

मग ती नोएलकडं वळली.

"चला, त्याची किंमत तरी वसूल झाली. राखीव संघ राहतोय ना?"

नोएल चष्मा पुसत होता. चष्मा स्वच्छच होता.

"नोएल?"

"बोर्डानं जुलैमध्येच ठरवलंय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी राखीव संघ नाही. हंगाम संपल्यावर जाहीर करणार होतो, उगाच पोरांची मनं..."

"गुरुवारी तू मला म्हणालास," लेस म्हणाला, "पोरगा बसला तर संघ राहील."

"मी म्हणालो, पोरगा खेळला तर संघ राहणार नाही. ते खरंच आहे. न खेळता राहील असं मी म्हणालो नव्हतो, लेस. तू आठवून बघ."

लेसनं आठवून पाहिलं. त्याच्या तोंडावरून सगळ्यांना कळलं की नोएल खरं बोलतोय.

डॉक्टरनं फोन काढला होता. लीगच्या माणसाशी ती वीस मिनिटं बोलली. आधी शांतपणे, मग रागानं तिच्या सिंहली भाषेत, मग परत आमच्या. शेवटी फोन ठेवला.

"चिठ्ठी मागं घेता येत नाही. लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं असं कबूल केलं तरी नाही. क्लब लिहिणाऱ्याला दमदाटी करून कबूल करायला लावतात, म्हणून नियमच तसा. अकरा दिवस."

"सामना उद्या आहे," मर्ल म्हणाली.

"मला माहीत आहे सामना उद्या आहे."

फेलेतीनं बादली उचलली, उलटी होती ती सुलटी करून जागेवर ठेवली आणि निघून गेला.

*

रविवारी ट्रॉय बॅसेट खेळला. बाराव्या मिनिटाला त्याचा गुडघा गेला, असा की माझ्या खिडकीपर्यंत आवाज आला. मग पेलिकनकडं हाफबॅकच उरला नाही. पुढच्या फळीतल्या एका जाड्या फॉरवर्डला तिथं उभं केलं. तो चेंडू हातात घेऊन बावरल्यासारखा इकडंतिकडं बघायचा. चोपन्न गुणांनी हरलो. फेलेती माझ्या खिडकीशी उभा होता. दर वेळी चेंडू चुकीच्या माणसाकडं गेला की त्याचा उजवा हात आपोआप बरोबर दिशेला हलायचा. त्याला स्वतःला कळत नव्हतं. मी त्याच्या हातात पाई दिली, हात गुंतावा म्हणून.

लेसनं सोमवारी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता, शिकवायला संघच उरला नव्हता. नोएल अजून तिथंच आहे. छत शाबूत राखलं म्हणून बोर्डानं त्याचं कौतुक केलं. सव्वीसांतली तीन पोरं शेजारच्या गावी गेली. बाकीची कुठं कारखान्यात, कुठं खाणीत, कुठं नुसतीच. कॅरीगलमधून पुढचा हाफबॅक आला नाही. दर वर्षी बाहेरून विकत आणतात, आणि दर वर्षी तो महाग असतो, म्हणून छत परत भरलेलं.

पण वर्षभरानं काय झालं ऐका. फेलेतीला फोन आला, थेट इंग्लंडहून! तिथल्या उत्तरेकडच्या एका क्लबाच्या माणसानं त्याचे ते चार सामने पाहिले होते. विमानाचं तिकीट, पक्का करार, जाकिटं लोकरीची. जाताना पोरगं रडलं, त्याची आई रडली, मर्ल रडली. लेसनं लांबून हात केला, आणि फेलेतीनंही...

बरं. ते इंग्लंडचं मी घातलं.

फोनबिन काही आला नाही. बाकी सगळं घडलं तसंच सांगितलंय, तेवढं एक माझं. काल दुपारी तो पाई न्यायला आला होता, कारखान्याचे पांढरे रबरी बूट पायात. खिडकीशी रांगेत पोरं उभी होती, त्यांना मी हीच गोष्ट सांगत होते. इंग्लंडपाशी आले आणि त्याला पाहून थांबले. तर दोन पाई घेऊन तो तिथंच टेकला आणि म्हणाला, "मग? पुढं काय झालं, आंटी? विमान कसं होतं?"